गोठ्याची वायर
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला आमच्या माजलगावच्या घरातला नेटवर्क स्विच आठवतो. वडील गेले त्या उन्हाळ्यात मी घरी राहून ऑफिसचं काम करत होतो आणि नेट सारखं अडकत होतं. राऊटर बदलला तरी तेच. शेवटी एका दुपारी वैतागून स्विचच्या वायरी एकेक करून काढायला लागलो. घराच्या मागच्या गोठ्यातल्या कॅमेऱ्याची वायर उपसली आणि नेट पळायला लागलं. तेवढ्यात आई मोबाईल घेऊन स्वयंपाकघरातून आली. "कावून काढली रं? गोठा दिसंना की." "म्हशी तर विकल्या, आता काय हाय तिथं?" मी खेकसलो. तिनं वायर उचलून माझ्या हातात दिली. मी वायर परत खोचली, तसा तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. गोठा रिकामा होता, वडिलांची बाजही रिकामी, आणि बाजेसमोर आमचं कुत्रं मान वर करून शेपूट हलवत होतं. "रोज याच येळंला," आई हळूच म्हणाली. वायर मी पुन्हा काढली नाही. आता आईही नाही. दुपारी गोठ्यात जायचा धीर होत नाही, म्हणून मोबाईलवरच बघतो. कुत्रं बाजेच्या उशाशी शेपूट हलवतं, मग पायथ्याशी जाऊन पुन्हा हलवतं.