नवरदेवाचा करवला

माझ्या भावाला कामावर कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला करवला म्हणत, कारण तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत नवरदेवाच्या मागेपुढे असायचा. नवरदेव म्हणजे आमच्या पशुपैदास केंद्रातला वळू. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि नसबंदी केलेला. त्याचं काम एवढंच, की रोज गोठ्यातून फिरायचं आणि एकेका गाईला हुंगायचं. गाय माजावर असली तर हा थांबायचा, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवायचा. म्हणजे तिच्या पोटात काही नाही. गाय गाभण असली तर एकदा हुंगून पुढं चालायचा, जसं काही शेजारणीच्या घरावरून जातोय.

रोज बोहल्यावर चढायचं आणि संसार कधीच नाही, म्हणून नवरदेव. माझा भाऊही बिनलग्नाचा. मग काय विचारता, वैरण टाकणाऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना थट्टेला आयतंच सापडलं. तो आपला हसायचा. "आमच्या दोघांत त्याचं बरं आहे," म्हणायचा, "त्याला निदान रोज कुणीतरी दाखवायला तरी नेतं."

माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. मी थोरली, त्यामुळं जरा अंगावर ओरडायची सवय आहे, ती काही गेली नाही. गोठ्याच्या मागं दोन खोल्या मिळाल्या होत्या आम्हाला. मला धारा काढायचं काम लागलं. भाऊ स्वभावानं अगदी गरीब. खोटं बोलायचं म्हटलं की ह्याचे कान लाल व्हायचे. लहानपणी गूळ मी खायची आणि कान ह्याचे लाल, म्हणून मारही हाच खायचा. असला माणूस काय लबाडी करणार, असं मलाही वाटत होतं.

मग केंद्रात नवीन डॉक्टरीण बाई आल्या. वयानं लहान, पण कामाला वाघ. गाईचं थोडं रक्त घ्यायचं, एका कागदी पट्टीवर थेंब टाकायचा. दोन रेघा उमटल्या तर गाभण, एक उमटली तर रिकामी. बाईंना बघायचं होतं की पट्टी जे सांगते तेच वळूही सांगतो का. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पट्टीला दर वेळी खर्च आहे. वळूचं आणि पट्टीचं जमलं तर वळूच ठेवू, लहान गोठेवाल्यांनाही तेच सांगू. नाही जमलं तर मात्र ह्याला खायला घालून काय करायचं?"

खायला घालायचं नाही म्हणजे काय, हे गोठ्यात कुणाला सांगावं लागत नाही. खाटकाची गाडी येते. त्या दिवशी भावाचं जेवणात लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "अरे, इतकी वर्षं तो चुकला नाही, आताच कसा चुकेल?" तर म्हणाला, "तो चुकणार नाही गं ताई. पट्टी चुकली तर?" मी त्याला वेड्यात काढलं. पट्टी शिकलेल्या लोकांनी केलेली, ती कशाला चुकेल.

बाई पट्ट्या वाळायला त्यांच्या खोलीच्या खिडकीत ठेवायच्या. काचेच्या आतून, गाईच्या बिल्ल्याचा नंबर खाली लिहून, ओळीनं. आणि नवरदेवाला बांधायचा खुंटा त्या खिडकीच्या बाहेरच होता. बिचाऱ्या बाईंच्या मनात आलंच नाही की खुंट्याशी उभ्या माणसालाही डोळे असतात.

पुढं काही दिवस मला एक गोष्ट खटकत होती. ह्याचे सदरे धुताना खिशातून पेंडीचा भुगा निघायचा. मी एकदा झापलंही, "खिसा आहे का गव्हाण?" हा सरळ गोठ्याकडं निघून गेला. कान मी बघितले नाहीत, चूक माझी.

आमच्या गोठ्यात एक तांबडी गाय होती. माझी लाडकी. दुसऱ्या कुणाला धार काढू देत नसे, लाथ ठरलेली. तिला बरेच दिवस गाभ राहत नव्हता. ह्या खेपेला दोन महिने झाले होते रेतन करून, आणि तिचं वागणं मला वेगळं वाटत होतं. शांत, आपल्यातच असलेली. पण वाटण्यावर काय जातं? पट्टीवर एकच रेघ आली. आणि त्याच आठवड्यात नवरदेवानंही तिच्या पाठीवर हनुवटी टेकवली. बाईंनी लांबून बघितलं आणि मान हलवली. दोघांचं एकमत. तांबडी रिकामी. मग माज नीट ठरल्या वेळी यावा म्हणून तिला इंजेक्शन द्यायचं ठरलं. बाईंनी ते स्वतःच्या हातानं दिलं. भाऊ तिथंच कासरा धरून उभा होता. "काय रे, तोंड का उतरलंय?" मी विचारलं, तर म्हणाला उन्हानं. गोठ्याला छप्पर आहे आमच्या.

ते इंजेक्शन रिकाम्या गाईला माजावर आणतं. गाभण गाईला दिलं तर गाभ पडतो.

दोन दिवसांनी सकाळी धारेला गेले तर तांबडी पाय बदलत उभी होती आणि मागं भुशात पडलेलं होतं. उंदराएवढं. पण खूर कळत होते. मी बादली तशीच ठेवली आणि भावाला हाक मारली. तो आला, बघितलं आणि मटकन खाली बसला, शेणातच.

"नवरदेवानं सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय सांगितलं होतं?"

"ती गाभण आहे म्हणून. रोज हुंगायचा आणि पुढं जायचा. रोज. मीच त्याला थांबवलं, ताई."

मग एकेक बाहेर पडलं. खिडकीत पट्टी बघायची. वळूचं आणि पट्टीचं जमत नसेल तिथं जमवून आणायचं. पट्टी गाभण म्हणत असेल आणि नवरदेव रेंगाळला, तर कासरा आखडायचा. पट्टी रिकामी म्हणत असेल तर जिभेनं हळूच टक् करायचं आणि नंतर गुपचूप मूठभर पेंड. जनावर हुशार. चार दिवसांत शिकलं. टक् ऐकलं की टेकव हनुवटी. तांबडीच्या वेळी भावाला वाटलं, पट्टी म्हणते तर खरंच रिकामी असेल, नवरदेवच म्हातारा झाला असेल.

माझ्या डोक्यात सणक गेली. "अरे कर्मा," मी म्हटलं, "तुला स्वतःला खोटं बोलता येत नाही म्हणून मुक्या जनावराकडून बोलवून घेतलंस?"

तो म्हणाला, "मार मला." मी काय मारणार? तांबडी मान वळवून भुशाकडं बघत होती. मी ते उचललं, कुंपणाकडं नेऊन पुरलं. तो खड्डा खणायला आला, त्याला मी फावडं दिलं नाही.

खरा त्रास पुढं झाला. बाईंनी सगळं स्वतःवर घेतलं. पट्टी चुकली, ती माझी. इंजेक्शन दिलं, ते माझ्या हातानं. साहेबांसमोर हेच म्हणाल्या, आणि हे कामच सोडून देते म्हणाल्या. मला येऊन विचारलं, "तुमच्या तांबडीला माझा राग येत असेल ना?" मी बादली उचलली आणि धारेला निघाले. आणि गंमत बघा, तांबडीपाशी दोघंही चुकले तरी वळूचं पट्टीशी इतकं छान जमलं म्हणून साहेब त्याच्यावर खूष. नवरदेव वाचल्यातच जमा होता. फक्त भावानं तोंड मिटून बसायचं होतं.

तो बसला. दोन-चार दिवस बसला. पण बाई समोरून गेल्या की हा खांबाआड व्हायचा. ताटातला घास ताटातच. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. पण तुझ्या पापाचं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर आहे, एवढं ध्यानात ठेव." तो म्हणाला, "सांगितलं तर त्याला नेतील." मी म्हटलं, "हो, नेतील." त्याला खोटा धीर देणं माझ्यानं झालं नाही. आज वाटतं, द्यायला हवा होता का? नाही, नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी बादल्या घासत होते, सगळं ऐकू येत होतं. कान लाल होते की नव्हते, देव जाणे. सगळं सांगितलं त्यानं, खिडकी, पेंड, टक्. बाईंनी एवढंच विचारलं,

"प्रत्येक वेळी केलंत, काका?"

"नाही. जिथं त्याचं आणि पट्टीचं जमत नव्हतं तिथंच."

"म्हणजे जिथं बघायला हवं होतं नेमकं तिथंच," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "आत्तापर्यंतचं सगळं रद्द. पुन्हा करू. कासरा नाही, आणि तुम्ही कुंपणाच्या बाहेर." आणि उठून खिडकीला पडदा लावला. बैल गेला आणि झोपा केला, मी मनात म्हटलं. पण बैल अजून होता, आणि भावाच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी जरा रक्त दिसलं. "आता बघ ताई," तो म्हणाला, "मोकळा सोडला की तो खरं तेच सांगणार. तो कधी चुकलेलाच नाही."

नवरदेवाला मोकळा सोडला. पहिल्या गाईपाशी गेला, हुंगलं, आणि थांबला. हनुवटी टेकवली नाही, पुढंही गेला नाही. मान वळवली आणि कुंपणाकडं बघितलं. भाऊ तिथं उभा होता, पाठ फिरवून, बाईंनी सांगितलं होतं तसं. नवरदेव बघतच राहिला. दुसऱ्या गाईपाशी तेच. तिसऱ्या गाईला तर त्यानं हुंगलंही नाही, सरळ मागं बघितलं. मग भावाला आमच्या खोलीत पाठवलं, तर नवरदेव कुंपणाशी जाऊन उभा राहिला, हलेचना. असं पुष्कळ दिवस करून बघितलं. बाईंनी खरंच मनापासून करून बघितलं, त्यांना दोष नाही. जन्मभर नाकानं ओळखणारं जनावर, त्याला आता विचारल्याशिवाय काही कळेना.

भावाला मीच सांगितलं. तो बाजेवर बसला होता. "मला विचारतो तो?" म्हणाला. आणि रडला. आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना बघितलं नव्हतं.

बाईंनी काम सोडलं नाही. पट्टीत काय चुकलं ते शोधत बसल्या. तांबडीला ठेवलं. नवरदेवासाठीही साहेबांपाशी शब्द टाकला, पण ज्याच्याकडून काम होत नाही त्याला ठेवायची तिथं रीत नाही.

गाडी आली ती सकाळीच. भावानं त्याला आंघोळ घातली होती, खरारा केला होता. मी म्हटलं, तू येऊ नकोस, मी देते सोडून. ऐकलं नाही. फळी लावली, गाडीवाल्यानं कासरा ओढला, पण नवरदेव चढेना. पाय रोवून उभा. गाडीवाल्यानं काठी उचलली.

"काठी नको," भाऊ म्हणाला.

नवरदेवानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. तसंच, काय करू म्हणून. मी म्हटलं, "नको रे. तू नको करूस." भाऊ फळीजवळ आला. मग त्यानं जिभेनं टक् केलं. नवरदेव निमूट फळीवर चढला, आत गेला, आणि पुढच्या फळकुटावर हनुवटी टेकवून उभा राहिला. पेंडीची वाट बघत. भावानं खिसा चाचपला. तो सदरा मी आदल्याच दिवशी धुतला होता.

गाडीवाला फळी काढत म्हणाला, "ऐकतो की तुमचं."

"हो," भाऊ म्हणाला. "आधी नव्हता ऐकत."