शेजारणीसाठी पोहायला गेले

डोंबिवलीत मानपाडा रोडला आमची बिल्डिंग आहे आणि तिथे मला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांची मी सिस्टर. पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होते. रिटायर झाले तरी कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाचं बीपी बघायचं असो, बेल आमचीच वाजते. मला ते आवडतंही. आम्ही ख्रिस्ती. वडील नगरकडून कल्याणजवळच्या मोहन्याला रेयॉनच्या कंपनीत कामाला आलेले. तिथल्या आमच्या चाळीत कुणी आजारी पडलं की आई हातातलं काम टाकून धावायची. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

म्हणून गेल्या वर्षी आमच्या कल्याणच्या चर्चमध्ये महिला रविवारचा संदेश द्यायचं माझ्याकडे आलं, तेव्हा मी हरखून गेले. त्या रविवारची सगळी उपासना बायकाच चालवतात आणि उपदेशही एक बाईच करते. विषय होता येशूने सांगितलेली सर्वांत मोठी आज्ञा. देवावर संपूर्ण जिवाने प्रीती करायची आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. मला वाटलं, हा तर माझाच विषय. रविवार अजून दोन-तीन महिने लांब होता, तरी भराभर तयारी केली आणि ऐकवायला पाळकीणबाईंकडे गेले. आमच्या जुन्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, या पत्नी. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली, ऐंशी ओलांडलेल्या बाई अजून खणखणीत आहेत आणि महिला मंडळाचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही.

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"छान बोलतेस," त्या म्हणाल्या. "पण आज्ञेत तिघं आहेत. तू दोघांवरच बोललीस."

मला कळेना. तिघं कोण, मी विचारलं.

"देव, शेजारी आणि तू. स्वतःसारखी प्रीती कर, असं आहे ना ते? मग स्वतःवर कशी करतेस, ते कुठे आलं तुझ्या संदेशात?"

मी म्हटलं, आपल्याला तर येशूने स्वतःला नाकारायला सांगितलंय. स्वतःवर काय प्रीती करायची?  त्यांनी माझ्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. त्यांच्या घराच्या पायऱ्या चढताना मी कठडा धरून कशी आले, ते त्यांनी खिडकीतून बघितलेलं होतं.

"हा गुडघा शेजारणीचा असता," त्या म्हणाल्या, "तर तू तो इतके दिवस असाच ठेवला असतास?"

नसता ठेवला. त्याच दिवशी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं असतं, एक्स-रे काढायला लावला असता, गोळ्या घेतल्या का म्हणून रोज विचारलं असतं. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"नाकारायचा तो आपला हट्ट आणि मीपणा," त्या पुढे म्हणाल्या. "देवाने घडवलेला जीव वाऱ्यावर सोडायचा नसतो. वॉर्डातले पेशंट काय तुझ्या मालकीचे होते? तरी सांभाळलेस ना, ते तुझ्या हवाली केले होते म्हणून? तशीच तूही तुझ्या हवाली केलेली आहेस."

घरी येईपर्यंत मी धुमसत होते.  दुसऱ्या दिवशी मुकाट्याने हाडांच्या डॉक्टरकडे गेले. आमच्याच हॉस्पिटलातले, ओळखीचे. ते म्हणाले, सिस्टर, आत्ता पाण्यातला व्यायाम सुरू करा, पोहायला शिका, म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन बरंच लांबणीवर पडेल. मी हसले. साठीच्या बाईने पोहायचं म्हणजे काय.

आमच्या समोरच्या दारात वहिनी राहतात. मूळच्या राजापूरकडच्या, माझ्याहून थोड्या लहान. लग्न होऊन इथे आल्या तेव्हापासून आमचं एकमेकींकडे जाणंयेणं. त्यांच्या गणपतीत मी मोदकांना बसते, नाताळात त्या माझ्याबरोबर करंज्या तळतात. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पालिकेच्या तरणतलावात दुपारी बायकांची वेगळी बॅच असते, अशी त्यांनी मला माहिती दिली, आणि पुढे म्हणाल्या, "मला फार इच्छा आहे हो. पण एकटीने जायला कसंतरी वाटतं. तुम्ही याल का माझ्यासोबत?"

स्वतःसाठी मी महिनोन्‌महिने ढकललं असतं. पण शेजारणीची एवढी इच्छा आहे म्हटल्यावर मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

आता आली पंचाईत कॉस्च्युमची. डोंबिवलीत घ्यावा तर दुकानात कुणीतरी ओळखीचं भेटणारच, म्हणून आम्ही थेट ठाणं गाठलं. खोपटला वहिनींची भाची राहते, तिच्या घराजवळ खेळाच्या सामानाचं दुकान आहे. पूर्ण हातापायांचे, काळे-निळे, अंगाला घट्ट बसणारे असे दोन पोशाख घेतले, टोप्या घेतल्या, चष्मे घेतले. भाचीच्या घरी आतल्या खोलीत घालून बघायला गेलो आणि आरशात एकमेकींना बघून पलंगावर कोसळलोच. वहिनींना हसण्याने ठसका लागला. भाची दार वाजवून विचारत होती, काय झालं म्हणून. इतकी मी शेवटची कधी हसलेले, मला आठवेना.

पहिल्या दिवशी मात्र हसू पळालं. पाणी छातीपर्यंतच होतं, पण पायऱ्या उतरताना मी वहिनींचा हात असा धरलेला की त्यांच्या बांगड्या माझ्या तळव्यात रुतल्या. बॅचमध्ये बऱ्याचशा तरुण पोरी. शिकवणारी कोच मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण आवाज करडा. कडेचा दांडा धरून पाय मारायचे, तोंड पाण्यात घालून फुगे काढायचे, असं चाललं. पाय जमिनीवरून उचलायचा म्हटलं की मात्र माझं अंग लाकडासारखं व्हायचं. वहिनी माझ्याआधी तरंगायला लागल्या, आणि मी त्यांना उत्तेजन देत दांड्याला चिकटून राहिले. त्यांचं होतंय ना, मग झालं, असं मी मनाशी म्हणायचे.

एक दिवस कोच मॅडमने माझ्या पाठीखाली हात घातला आणि मला उताणं केलं. "मान सोडा, सिस्टर. धरलंय मी."

हे वाक्य मी नोकरीत किती पेशंटना म्हटलं असेल. टाके घालताना, कूस बदलताना, भूल उतरताना. मान सोडा, धरलंय मी. ते मला कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. म्हटलं असेल लहानपणी आईने, पण ते आठवणीत नाही. माझे डोळे भरून आले. पाण्यात ते कुणाला दिसलं नाही. मी मान सोडली. कान पाण्यात बुडाले, तलावावरचा गलका एकदम लांब गेला, वर नुसतं निळं आकाश. पाठीखालचा हात कधी निघून गेला मला कळलंच नाही. मी तरंगत होते. एवढं जड अंग, तो दुखरा गुडघा, सगळं पाण्याने उचलून धरलेलं. आनंदाने मी हसायला तोंड उघडलं आणि नाकातोंडात पाणी जाऊन उभी राहिले. खोकत होते आणि ओरडून वहिनींना सांगत होते, बघितलंत का, बघितलंत का.

त्या दिवशी कपडे बदलताना कोच मॅडम सहज म्हणाली, तुमच्या दोघींत पोहायची हौस कुणाला होती? मी वहिनींकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे.

"म्हणजे?" मी म्हटलं. "तुमची इच्छा होती म्हणून तर मी आले."

वहिनी टॉवेल गुंडाळून बाकावर बसल्या. "अहो, तुमच्या गुडघ्यासाठी केलं मी ते. तुम्हाला चला म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात? मला सोबत हवीय म्हटल्यावर लगेच याल, हे ठाऊक होतं."

 इतके दिवस मी शेजारणीवर उपकार करत होते आणि शेजारीण माझ्यावर. तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाल्या, की अगदीच खोटं नव्हतं ते. माहेरी घरामागे खाडी होती. भाऊ धक्क्यावरून उड्या मारायचे आणि त्यांचे कपडे सांभाळत काठावर बसायचं काम वहिनींचं. मलाही उडी मारायचीय, असं एकदासुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, आज पहिल्यांदाच त्या कुणाला सांगत होत्या.

रिक्षात आम्ही ठरवून टाकलं. उद्यापासून आपण आपापल्यासाठी यायचं. सोबत येऊ, पण निमित्त दुसरीचं करायचं नाही. ऐकायला एवढंसं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरताना मला विचित्र वाटलं. घरात यांना सांगितलं, "मी पोहायला जाते. मला आवडतं म्हणून." हे पेपरातून वर बघत म्हणाले, मग जा की, चहा मी करून घेईन. मी उगाचच इतकी वर्षं परवानगीची वाट बघत होते, आणि ती कुणी अडवलेलीच नव्हती.

महिला रविवारच्या आदल्या आठवड्यात कोच मॅडमने आम्हाला खोल बाजूला नेलं. तिथे काठावरून उडी मारायची, वर यायचं आणि हात मारत कडेला पोचायचं. वहिनींनी दोन्ही हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि पहिली उडी त्यांनी मारली. केवढा आवाज झाला. वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता, टोपी तिरकी झालेली आणि तोंडभर हसू. मग मी. काठावर उभी राहिले, भीती कुठली अन् आनंद कुठला ते वेगळं करता येत नव्हतं. उडी मारली. खाली खाली गेले, हिरवट उजेड, कानात दडा, आणि मग पाण्याने मला सरळ वर आणून सोडलं. कडेला पोचले तेव्हा पोरी टाळ्या वाजवत होत्या.

संदेश मी नव्याने तयार केला. त्या रविवारी वहिनी मुद्दाम आल्या. कुठे बसायचं, कधी उभं राहायचं हे सगळं आधी विचारून घेऊन, ठेवणीतली साडी नेसून पुढच्या बाकावर बसल्या. मी मंडळीला तलावाची सगळी गोष्ट सांगितली, कॉस्च्युमसकट. पुरुषमंडळीही हसली. मग मी म्हणाले, की आयुष्यभर मी दुसऱ्यांची शेजारीण व्हायला धावले, पण माझा शेजारी व्हायला मी कुणाला जागाच दिली नव्हती. देणं मला सोपं जायचं. घ्यायची वेळ आली की मान ताठ. स्वार्थी माणूस स्वतःलाच देव करतो, ते तर चुकीचंच. पण देवाने ज्याच्यावर प्रीती केली त्याच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, कारण तो माणूस आपणच आहोत, हेही बरोबर नाही. देवाने आधी प्रीती केली, ती अंगावर घेतली तरच पुढे कुणाला देता येते. एवढंच बोलले.  पाळकीणबाईंनी नुसती मान डोलावली. ते मला बक्षिसासारखं वाटलं.

उपासना संपल्यावर चहाच्या वेळी मला बायकांनी घेरलं. मला वाटलं, संदेशाबद्दल काहीतरी विचारतील. तर पहिला प्रश्न, पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो का खरंच? दुसरा, बॅच किती वाजता? पुढच्या महिन्यात आमच्या मंडळातल्या बायका आणि बिल्डिंगमधल्या बायका एकाच कडेचा दांडा धरून पाय मारत होत्या. कोच मॅडम म्हणाली, सिस्टर, तुम्ही तर अख्खं गाव आणलंत.

गुडघा आता पुष्कळच बरा आहे, अगदी नवा झाला असं काही मी म्हणणार नाही. बदललं ते आणखी एक. पूर्वी माझी प्रार्थना म्हणजे दुसऱ्यांची दुखणी एकेक करून देवापुढे मांडणं. ती मी अजूनही मांडते. पण दुपारी उताणी तरंगत असते तेव्हा मागण्यासारखं काही सुचतच नाही. देवा, किती छान आहे रे हे, एवढंच येतं, आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणावंसं वाटतं. संपूर्ण जिवाने प्रीती करायची म्हणजे नेमकं काय, याचा मी एवढा विचार केला होता. त्या वेळी विचार करायची गरज वाटत नाही.

काल बॅच संपल्याची शिट्टी झाली. सगळ्या बाहेर निघाल्या. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघींनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि पलीकडच्या काठाकडे हात मारायला सुरुवात केली. कोच मॅडम काठाकाठाने शिट्टी वाजवत येत होती.