करपलेल्या साखरेचं अत्तर

बेचाळिशी उलटली तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. अत्तराची ती काळी, बोटभर बाटली तिला थोरल्या बहिणीने दिली. "खास आहे हो, कुठेही मिळत नाही," एवढंच ताई म्हणाली.

सोमवारी सकाळी धाकटीने मनगटावर एकच फवारा मारला. आधी साखर करपल्यासारखा वास आला, मग काळ्या मनुकांचा, आणि त्याच्याही तळाशी जुन्या लाकडी कपाटातला अंधार. तिला एकदम वाटलं, आपण कुणी निराळीच बाई आहोत. सावकाश जिना उतरणारी, कुणालाही जाब न देणारी.

"गॅसवर काय ठेवलंयस गं?" नवरा टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून धावत आला. शेगडी बंद होती.

"मी अत्तर लावलंय."

त्याने नाक पुढे केलं, लगेच मागे घेतलं. "छान आहे. पण हे लावून कामाला जाणार?"

गेली. तिचं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या अगदी तोंडाशी जाऊन करायचं. चष्म्याची काडी गरम करायची, कानामागे बसेल अशी वाकवायची, नाकावर रुततंय का ते बघायचं. पहिल्याच आजोबांना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. नवा चष्मा उडून काउंटरखाली गेला. पुढच्या कॉलेजातल्या मुलीने मात्र विचारलं, "काय लावलंय? भारी आहे!" धाकटीचा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात मालकांनी आत बोलावलं.

"बाई, उद्यापासून हे नको. तुम्ही यायच्या आधी वास येतो."

सगळ्यात चीड कशाची, तर एव्हाना तिला स्वतःला वासच येत नव्हता. मनगट नाकाला लावून लावून नाक लाल झालं. साऱ्या जगाला त्रास, आणि जिच्या अंगावर आहे तिलाच पत्ता नाही! घरी येऊन तिने पुन्हा फवारा मारला, तर लेकीने सगळ्या खिडक्या उघडल्या.

तिने ताईला फोन लावला. "तुझ्या अत्तरापायी सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं."

"अगं, मला तरी कुठं सोसलं?" ताई हसत म्हणाली. "दोनदा लावलं, दोन्ही वेळा कपाळ धरून बसले. म्हटलं, तुला द्यावं. तुला काय, काहीही चालतं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला चालत नाही, आवडतं! आवडतं म्हणून लावते."

"बरं बाई. चिडतेस कशाला?"

आपण का चिडलो ते धाकटीला धड सांगताही येईना. तिने फोन ठेवला.

रविवारी तिने मुद्दाम दोन फवारे मारले आणि एकटीच बाहेर पडली. बस भरलेली होती. तिच्या शेजारी एक बाई बसल्या, नाकाला पदर लावला आणि दोन मिनिटांत उठून दांड्याला धरून उभ्या राहिल्या. धाकटीने रिकाम्या जागेवर पर्स ठेवली, पाय लांब केले, आणि उतरेपर्यंत कुणालाही 'बसा' म्हटलं नाही.