शाळा सोडण्याचे कारण

शाळेतली मुलं तिला तिखटबाई म्हणत, आणि त्यात मुलांची काही चूक नव्हती. कार्यालयाच्या खिडकीशी कुणी रांग मोडली, चुरगळलेला अर्ज आणला, की ती अंगावर धावून जायची. एकोणीस वर्षं कारकुनी करूनही तिच्या नाकावरचा राग उतरला नव्हता. पण तो सगळा राग फुकटचा, हे तिलाही ठाऊक होतं. जिथे काढायला हवा, तिथे ती मुकाट्याने टाइप करत आली होती.

त्याचं असं, की या खासगी शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. फाटकावर तसा भलामोठा फलक, गुणवंतांच्या फोटोंसकट. न लागून सांगतो कुणाला? नववीतच कच्चं पोर हेरायचं, आईबापांना बोलावून चार गोड शब्द बोलायचे आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवायचा. त्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. तिथे तिखटबाई टाइप करायची, 'पालकांच्या विनंतीवरून'. तसा अर्जही पालकांकडून तीच सांगून लिहून घ्यायची.

यंदा असे सात दाखले द्यायचे होते. सातवा एका पोहणाऱ्या मुलीचा. हीच पोरगी गेल्या साली राज्यात पहिली आली, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले होते. पण पहाटे तलावात आणि दिवसभर वर्गात पेंगत, अशी ती गणितात दोनदा आपटली. झालं, नकोशी झाली.

तिचा बाप गॅरेजमधून तसाच आला होता, बोटं ऑइलने काळी. कागदाला डाग लागू नये म्हणून पेन अगदी टोकाशी धरून बसला. मुलगी शेजारी उभी होती.

"लिहा," तिखटबाई म्हणाली. "आमच्या घरगुती अडचणीमुळे मुलीचा दाखला मिळावा, ही विनंती."

बाप थांबला. "बाई, अडचण कुठली लिहू? आम्हाला तर काहीच अडचण नाही."

"तशी पद्धत आहे."

"नाही, लिहितो की. पुढे कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून म्हटलं."

"बाबा, लिहून टाका ना," मुलगी हळूच म्हणाली. "माझ्यामुळेच झालंय सगळं."

तिखटबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षांची पोर, आणि शाळेचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन उभी! अशी किती पोरं या खिडकीवरून खाली मान घालून गेली, आणि वर आपणच त्यांना दरडावलं. तिला स्वतःची शिसारी आली. तिने बापाच्या हातातला अर्ज ओढला आणि टराटरा फाडला.

"उद्या या. दोघंही."

मग तिने सातही दाखले नव्याने टाइप केले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'निकाल शंभर टक्के राहावा म्हणून शाळेने काढले'. मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे फोन कानाला लावून, मान वर न करता, सात सह्या ठोकल्या. तिने शिक्के मारले.

दुसऱ्या दिवशी बापाने दाखला दोनदा वाचला आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरला. पाचच मिनिटांत साहेब कार्यालयात धावत आले.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"खोटं आहे का, सर?"

"तो माणूस कागद परत देत नाहीये! शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेतो म्हणतोय."

"नेऊ दे. सही तुमचीच आहे."

दुपारपर्यंत सातही दाखले रद्द झाले, आणि तिखटबाईला कारणे दाखवा नोटीसही मिळाली.

मधल्या सुट्टीत ती मुलगी खिडकीशी आली. "बाई, थँक्यू."

"खबरदार माझे आभार मानलेस तर!" तिखटबाई इतक्या जोरात ओरडली, की रांगेतली मुलं मागे सरली. "तुझ्याआधीच्या सगळ्यांना मीच घालवलंय."