क्रियापद येईपर्यंत

वर्तकनगरच्या आमच्या घरात दार उघडं असलं की माझा संशय झोपतो, दार लोटलेलं दिसलं की उठून बसतो. परवा मुलाने खोलीचं दार लोटून फोन लावला, तेव्हा मी बाहेर मेथी निवडत होते. म्हणजे बोटं मेथीत होती.

"आईला न सांगता घर…" एवढं ऐकू आलं आणि तो थांबला.

ऐकणारा काही वाक्य संपायची वाट बघत नाही. 'आईला' म्हटलं की मन विचारतं, तिचं काय? 'न सांगता' आलं की कटाचा वास येतो. आणि 'घर' येईपर्यंत मी माझं हे घर गमावून डोंबिवलीच्या त्या टॉवरमध्ये पोचलेसुद्धा, ज्याचे फोटो तो महिनाभर मला दाखवतोय.

लग्न होऊन कळव्याला आले तेव्हाही मला हीच घाई. सासूबाई दारात शेजारणीला सांगत होत्या, "सुनेला आता माहेरी पाठवायचं…" पुढचं ऐकायला मी होते कुठे? आत जाऊन बॅग भरत होते. रडत रडत, पण इस्त्रीच्या साड्या चुरगळणार नाहीत अशा बेताने. मोठी शहाणी! सासूबाईंनी आत येऊन बॅग बघितली.

"अगं, पाठवायचं म्हटलं की आमच्या लेकाला जेवण जात नाही, असं म्हणत होते मी. माझं बोलणं संपेपर्यंत तू स्टेशन गाठलंस की!"

तेव्हापासून मी क्रियापदाची वाट बघायला शिकले. पण केस पिकल्यावर आणखी एक कळलं. आपल्याकडे क्रियापद शेवटी, आणि 'नाही' त्याच्याही मागे. तोवर बोलणाऱ्याला वाक्य हवं तिकडे वळवता येतं.

म्हणून त्याचं वाक्य संपायच्या आत मी दार ढकललं. मुलाने मला पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाला, "…विकायचं मी मनातसुद्धा आणणार नाही."

गोड. जरा जास्तच गोड. ते 'नाही' आधीपासून ठरलेलं होतं, की मला बघून आलं? फोनवरचा माणूस "म्हणजे?" असं ओरडला, ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

जेवायला बसलो. सून पोळ्या वाढत होती. मी म्हटलं, "अरे, खूप विचार केला बघ. हे घर विकायला मी…" आणि पाण्याचा पेला उचलला. सावकाश प्यायले.

मुलाचा घास हातातच राहिला. सून म्हणाली, "खरंच, आई? थँक्यू!" माझं वाक्य त्या दोघांच्या चेहऱ्यांवर केव्हाच पुरं झालं होतं.

"…तयार नाही," मी पेला खाली ठेवला. "भाजी वाढ गं."

"आई, तू पण ना…"

"मी पण काय? पुरं कर की."

त्याने घास तोंडात घातला.