झाकणावरचा लाल ठिपका

शारजात दारू घरात बाळगणंही गुन्हा, आणि मी तिथल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बिअर करायचो. हौस! एका वेळी पाच लिटर, त्याहून जास्त नाही. मोठं पातेलं उकळलं की वास जिन्यापर्यंत जायचा. मटकीला आणतात तसे मी पंचात बांधून जवाला मोड आणायचो. मुलगी नाक दाबून म्हणायची, "बाबा, नॉट अगेन!"

तयार बिअर मी बिनदारूच्या माल्ट ड्रिंकच्या रिकाम्या हिरव्या बाटल्यांत भरायचो. लेबल सफरचंदाचं, आत माझा माल. ओळखायला झाकणावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. या अकलेचा मला फार अभिमान होता. बायकोची एकच अट होती: तिचा भाऊ यायचा असेल त्या दिवशी ठिपक्याच्या बाटल्या फ्रिजमधून काढून कपाटात ठेवायच्या.

हा तिचा चुलत भाऊ औद्योगिक भागात वेल्डर होता, राहायला कंपनीच्या कॅम्पात. पूर्वी पगार पिण्यात घालवायचा. एका भाऊबीजेला हिने ओवाळलं आणि ताटात टाकलेली नोट परत त्याच्या हातात दिली. "ओवाळणी नको. दारू सोड." तो रडला आणि त्याने सोडली. तीन वर्षं थेंब नाही. सुट्टीला आमच्याकडे जेवायला यायचा, आल्याआल्या हक्काने फ्रिज उघडून सफरचंदाची बाटली काढायचा.

अशाच एका सुट्टीला नवा घाणा चाखायचा म्हणून मी सकाळीच चार बाटल्या गार करायला ठेवल्या आणि तो यायच्या आधी काढायला विसरलो. ही नि मुलगी खालच्या दुकानात गेल्या होत्या. मी मटणासाठी कांदा चिरत होतो. तो आला, घाम पुसत म्हणाला, "दाजी, काय उकाडा आहे, खलास!" आणि फ्रिज उघडला.

त्याच्या हातातल्या बाटलीवर मला लाल ठिपका दिसला.

मी ओरडायला हवं होतं. बातमी कॅम्पात पसरली तर आपल्याला जेल, मग मायदेशी रवानगी, या भीतीने गप्प बसलो, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. खोटं. आमच्या ओळखीत दारूची खरी पारख त्या एकालाच होती. माझी बिअर त्याला कशी लागते, ते मला बघायचं होतं.

एक घोट घेऊन तो थांबला. बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून कांदा चिरत राहिलो.

"छान आहे, दाजी," तो हळूच म्हणाला. मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. बाटली संपली. "अजून एक घेऊ?"

"घे की."

दोन महिन्यांत त्याच्या बायकोचा गावाहून फोन आला. पुन्हा सुरू झालं होतं. कामावर दोनदा पिऊन गेला होता. तिसऱ्यांदा सापडला तर व्हिसा रद्द. हिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तू जाऊन बोल त्याच्याशी. माझ्यापेक्षा तुझं ऐकतो तो."

गेलो. कॅम्पाबाहेर कट्ट्यावर बसलो. पाठ करून नेलेलं सगळं बोललो: मुलं, नोकरी, ताईला दिलेला शब्द. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"दाजी, पहिल्या घोटालाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "म्हणून तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, दाजी नको म्हणतील. तुम्ही म्हणाला असता ना, तर मी ठेवली असती खाली."

त्याने माझ्यासाठी चहा मागवला, तो मी प्यायलो.

घरी आलो तर ही दारातच उभी. "काय म्हणाला?"

"सोडतो म्हणाला," मी म्हटलं.

"बघ," ती म्हणाली, "मी सांगत नव्हते, तुझं ऐकतो तो!"