रेवाचं नाव नोंदवलं त्या दिवशी

हे मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. बसा जरा.

कतारला, दोह्याजवळच्या मुऐदर भागात एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो — मी, माझे यजमान आणि आमची रेवा. हे एसी दुरुस्तीच्या टीमचे सुपरवायझर. बरीच वर्षं इथे एकटेच राहिले. मग फॅमिली व्हिसा मिळाला आणि आम्ही दोघी सांगलीहून आलो. रेवा तेव्हा तिसरी पास झालेली. पण इथलं वर्ष सुरू होऊन गेलं होतं, शाळा भरलेल्या. एका शाळेनं वेटिंग लिस्टवर नाव घेतलं. तोवर घरीच शिकव, हे म्हणाले.

मी शिकवलं. आणि काय सांगू — इतक्या सुखात मी कधीच नव्हते. गाड्यांच्या नंबरप्लेटवरून आम्ही दोघी अरबी आकडे शिकलो. ती माझ्या आधी शिकली, मग मला शिकवू लागली. सांगलीत ती इंग्रजी शाळेत होती, म्हणून सुरुवातीला मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर यायचं; हळूहळू मराठीत भांडायलाही लागली. संध्याकाळी हे जेवायला बसले की ती त्यांना ग्रहण समजावून सांगायची, लिंबू आणि टॉर्च घेऊन. यांचा घास हातातच राहायचा.

पण हे कायद्याला भिणारे. "पोरगी कुठंच नोंदलेली नाही, असं चालतंय व्हय? उद्या कुणी विचारलं तर?" मग त्यांनीच शोधून काढलं — भारतातल्या मुक्त शाळेच्या बोर्डात रीतसर नाव घालायचं, घरी शिकायचं, परीक्षा इथल्या केंद्रात द्यायची. जुन्या शाळेचा दाखला दिरांकडून मागवला. जन्मदाखल्यावर रेवती, पासपोर्टवर रेवा — त्यासाठी प्रतिज्ञापत्र, त्यावर शिक्के. ड्यूटीवरून घामेजलेले तसेच अर्ज-कागद टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरला जायचे. किती हौसेनं!

नोंदणीच्या दिवशी आम्ही तिघं केंद्रावर गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. कागद बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "बच्ची को स्कूल क्यों नहीं भेजा?"

यांनी मान खाली घातली.

"सीट नहीं मिली, मॅडम. मेरी गलती है. फॅमिली को लाने में देर कर दी."

रेवानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "इट्स ओके, बाबा."

मी? मी बाजूच्या खुर्चीवर होते. पर्स मांडीवर घेऊन. गप्प.

कारण — आता बोलतेच — सीट मिळाली होती.

आम्ही येऊन थोडेच दिवस झाले असताना शाळेतून फोन आला होता. जागा झाली आहे, उद्या या. हे कामावर होते. रेवा पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती गेली की मागे काय उरेल, ते डोळ्यांपुढे आलं — मी, भिंती आणि एसीची घरघर. "आम्ही दुसरीकडे घेतली ॲडमिशन," मी म्हणाले आणि फोन ठेवला. रात्री यांनी विचारलं, "शाळेचा काही फोन?" मी म्हणाले, नाही. भाजी वाढत म्हणाले. रेवाला काय हवंय, हे तर कुणी विचारलंच नाही.

नोंदणी झाली. रेवा परीक्षा देत गेली, पास होत गेली. आता दहावीची तयारी चाललीय. हसरी आहे, मैत्रिणी आहेत, शेजारच्या मल्याळी बाईंच्या मुलांना गणित शिकवते. आमचं घर सुखाचं आहे — हे खोटं नाही.

घरी कुणी आलं की हे अजूनही सांगतात, "माझ्या उशिरामुळं पोरीची शाळा बुडाली. पण हिनं निभावलं बघा." आणि माझ्याकडे अभिमानानं बघतात. परवाही असंच झालं. मी पाहुण्यांना चहा दिला, यांना दिला, आणि कौतुक ऐकत उभी राहिले.